एका दाराचा बंगला

१

मेलेल्या माणसाच्या हातातला ग्लास शाबूत होता.

करखात्याच्या निरीक्षकबाईंनी आधी तेच पाहिलं. चेहऱ्याकडे त्यांनी मुद्दामच नंतर पाहायचं ठरवलं. तो चेहरा त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचा होता, आणि एकदा तो पाहिला की डोळ्यांना दुसरं काहीच दिसणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

धाकटा गिरणीमालकांच्या बंगल्यात, दगडी जिन्याच्या तळाशी पडला होता. डोक्याखाली रक्त होतं. शर्ट छातीवर दारूनं भिजला होता. उजव्या हाताच्या बोटांत तो ग्लास.

"वाईट झालं," फौजदार म्हणाले. "जरा जास्तच झाली असणार. वरच्या पायरीवरून पाय सटकला, खेळ खलास."

"माझा भाऊ दारू पीत नव्हता."

"बाई, कुठल्याच बहिणीचा भाऊ पीत नसतो."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज त्यांनी चढवला नाही. त्यांचा आवाज चढला नाही की कचेरीतले लोक खुर्ची मागे सरकवत. "फौजदारसाहेब, माणूस एवढ्या जिन्यावरून गडगडत खाली आला. कवटी फुटली. आणि हातातल्या काचेला साधा ओरखडा नाही? काच काय त्याच्या डोक्यापेक्षा टणक होती?"

फौजदारांनी ग्लासकडे पाहिलं, मग टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हणजे कुणीतरी नंतर हातात दिला म्हणता? कोण देणार? दुपारभर अख्खं नगरमंडळ समोरच्या हिरवळीवर चहा पीत बसलं होतं. तुमचा भाऊ एकटाच वर कागद चाळत होता. बंगल्याला दार एकच, आणि ते सगळ्यांच्या नाकासमोर. कुणी आत गेलं नाही, कुणी बाहेर आलं नाही. आणि दार एकच आहे, हे मी म्हणत नाही. तुमचंच खातं दरवर्षी तसं लिहून देतं."

बाई खाली बसल्या आणि मग त्यांनी धाकट्याचा चेहरा पाहिला. दाढी घाईघाईत केलेली, हनुवटीखाली नेहमीसारखी एक पट्टी राहून गेलेली. लहानपणी तोंड धुतानाही तो कानामागची जागा अशीच सोडायचा, आणि बाई त्याला धरून खसाखसा पुसायच्या.

"ज्यानं हे केलं," त्या त्याच्या कानाशी हळूच म्हणाल्या, "त्याचं मी वाटोळं करीन."

२

त्या शहराची दारपट्टी ज्यानं शोधून काढली तो कारभारी एक तर भोळा असला पाहिजे, नाही तर फारच बेरकी. रस्त्यावरून मोजता यावीत म्हणून त्यानं दारं मोजली. दर दारामागे सारखी पट्टी. जमिनीवरून सरळ पाऊल टाकून आत जाता येतं ते दार. गुडघाभर कठडा ओलांडावा लागला, तर ती खिडकी, आणि खिडकीला पट्टी नाही.

कामगारांच्या वरच्या वस्तीत एकेका खोलीत आठ-आठ माणसं राहायची, पण खोली म्हटली की तिला दार आलंच. गिरणीमालकांच्या बंगल्याला दार एक. त्यांच्या एकेका गोदामात गावाचं धान्य मावलं असतं, त्यालाही दार एक, आणि तेही धर्मादायाच्या नावाखाली माफ. म्हणजे मालकांनी भरायचं तेवढंच त्यांच्या मागावरच्या कामगारानं भरायचं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातली गत. शिवाय पैसेवाले लोक दारं लपवण्यात पटाईत झालेले. कुणी दारापुढे कपाट सरकवायचं, कुणी उंबऱ्याच्या जागी कठडा बांधून 'ही खिडकी' म्हणायचं. अशा खिडक्या शोधून शोधून निरीक्षकबाईंचा स्वभाव तिखट झाला होता. खात्यात त्यांना पाठीमागे 'नांगी' म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

धाकटा नगरमंडळाचा कर-सल्लागार होता. बहिणीच्या अगदी उलट स्वभाव. कुणावर रागवायचा नाही, फक्त समजावून सांगत राहायचा. त्याची योजना साधी होती. पट्टी दारावर नको, जागेवर बसवा. जागा किती मोठी आणि तिथं काय चालतं, ते बघा. एका खोलीच्या घराला माफी. धर्मादायाच्या नावाखाली मिळणारी सूट बंद. आणि जमणाऱ्या पैशातून पहिलं काम वरच्या वस्तीत नळ आणि दवाखाना. तिथं अजून टँकरनं पाणी जायचं, आणि दर उन्हाळ्यात पोरं हगवणीनं दगावायची.

योजनेवरचं मतदान आठवड्यावर आलं होतं. आणि आता गावात एकच बोलणं ऐकू येत होतं: दारुड्याची योजना.

"बाई, मी तुमच्या बाजूचा आहे," नगराध्यक्ष म्हणाले. "पण ठराव मांडला तर सभेत फिदीफिदी हसतील. आधी त्याचं नाव स्वच्छ होऊ द्या."

"होईल."

"आणि नाही झालं तर?"

"तर योजनाही त्याच्याबरोबरच गेली, एवढं मला समजतं," बाई म्हणाल्या. न्याय, समता हे शब्द धाकट्याचे होते. बाईंना सूड हवा होता. पण सुडाची वाटही त्याच ठरावावरून जात होती, त्याला त्या काय करणार?

फौजदारांना त्यांनी ग्लासची आठवण करून करून हैराण केलं. शेवटी ते म्हणाले, "मतदानापर्यंत काय शोधायचं ते शोधा. चहाच्या वेळी तिघंच जण थोडा वेळ उठून गेले होते. मालक, त्यांचे वकील आणि मालकांची सून, वहिनीसाहेब. नोकर सगळे पुढे वाढण्यात गुंतलेले. पण बाई, उठून गेले तरी आत कुठून जाणार? दार एकच!"

३

मालक म्हणजे सत्तरी उलटलेला, गुडघेदुखीनं पिचलेला, तोंडानं फटकळ माणूस; नगरमंडळातला सगळ्यात जुना सभासद.

"तुमचा भाऊ फार हट्टी होता," त्यांनी सुरुवातच केली. "तासभर माझ्याशी वाद घातला. आणि एकदाही मला शेटजी म्हणाला नाही."

"राग आला?"

"आवडला. माझ्या तोंडावर बोलणारं माणूस या घरात मुलगा गेल्यापासून उरलं नाही."

"चहावरून उठून कुठे गेला होतात?"

"मागच्या कुंपणापाशी. तिथून वरची वस्ती दिसते. टँकरची रांग बघत होतो." म्हाताऱ्यानं काठीवर हनुवटी टेकली. "तुमचा भाऊ म्हणाला, तुमच्या गिरणीत रोज जे माग बंद पडतात ना, ते त्या रांगेत उभे असतात. बाई पाण्याला जाते, पोर आजारी पडतं, बाप खाडा करतो. मी इतकी वर्षं खाडे मोजत होतो, रांग मोजलीच नव्हती."

"मग तुमचं मत बदललं?"

"ते मी घरात बोललोय. बाहेर कशाला बोलू?" असं म्हणून त्यांनी काठी आपटली. बोलणं तिथंच संपलं.

वकील उंचपुरे, गुळगुळीत आणि विनोदी होते. असल्या माणसांचा बाईंना मनापासून तिटकारा होता.

"कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणतात," वकील हसत म्हणाले. "म्हणून मी माझ्या अशिलांचा करच नाहीसा करतो, डर आपोआप जातो."

"गिरणीची गोदामंही तुम्हीच नाहीशी केलीत?"

"छे! ती वहिनीसाहेबांच्या धर्मादाय संस्थेच्या नावावर आहेत. संस्था वस्तीला फुकट पाणी पाजते, म्हणून गोदामांना पट्टी माफ. सगळं कायद्यात बसतं."

"टँकरचा खर्च किती आणि माफी किती?"

वकिलांनी डोळे मिचकावले. "माफीपुढे टँकर म्हणजे चणेफुटाणे. पण लोकांना टँकर दिसतो, माफी दिसत नाही. हीच तर खुबी आहे."

"तुमच्या खुबीमुळे पोरं मरतात," बाई म्हणाल्या. वकिलांचं हसू मावळलं. "चहावरून कुठे गेला होतात?"

आता वकील चुळबुळायला लागले. शेवटी खालच्या आवाजात म्हणाले, "गाडीत बसून केक खात होतो. साखरेचा आजार आहे. बायको चहाला शेजारीच बसली होती. हे घरी कळलं ना, तर तुमच्या भावाशेजारी मलाही झोपवावं लागेल."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी लगेच माफी मागितली. पण ड्रायव्हरला विचारलं तर तो पोट धरून हसला. साहेबांनी तीन तुकडे खाल्ले होते, आणि डाग पडू नये म्हणून ड्रायव्हरचा रुमाल मांडीवर पसरला होता. उठल्यापासून परत जाईपर्यंत ते गाडीतच होते.

उरले दोन. त्यातल्या एकाचे गुडघे धड नव्हते, आणि दुसरीला वस्तीत लोक देव मानत.

४

वहिनीसाहेबांनी बाईंचे दोन्ही हात हातात घेतले. मालकांच्या या सुनेला ऐन तरुणपणी वैधव्य आलं होतं, आणि तेव्हापासून तिनं बंगला, संस्था आणि सासरे असा सगळा व्याप एकटीनं ओढला होता. तिच्या खोलीत एकही वस्तू वाकडी नव्हती. टेबलावरचे हातरुमालसुद्धा कडेला कड लावून ठेवलेले.

"माझा भाऊ गेला असता तर मला असंच झालं असतं," ती म्हणाली. तिचे डोळे खरंच भरून आले होते. "एक सुचलंय. नाही म्हणू नका. त्यांच्या नावानं वस्तीत एक टँकर सुरू करते. लोक पाणी भरताना त्यांचं नाव घेतील."

"त्याला टँकर बंद करायचे होते."

"हो, म्हणाले होते मला. नळ आणायचा म्हणत होते." ती हलकेच हसली. "नळ चांगलाच. पण तुम्ही कधी टँकरबरोबर वर गेलाय का? म्हाताऱ्या बाया माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवतात. पोरांना माझं नाव ठेवतात. नळ माणसाला ओळखतो का?"

"त्या दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"काचघरात. पाहुण्यांसाठी गुलाब खुडायला गेले होते. कुणीतरी हाक मारली तशी धावत आले." मग ती म्हणाली, "बंगला बघायचाय ना तुम्हाला? अगदी निवांत बघा. लपवण्यासारखं काही नाही."

बाईंनी बंगला पाहिला. दारं लपवणारे लोक नेहमी भिंतीवर मेहनत घेतात, जमिनीवर घेत नाहीत, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. म्हणून त्या खाली मान घालून फिरत राहिल्या. मागच्या बाजूला, कोठीच्या खोलीत एक उंच खिडकी होती. कठडा गुडघ्यापर्यंत आलेला, कायद्याच्या मापात अगदी चपखल. गजबीज काही नाही, दोन फळ्यांची झडप. खिडकीच म्हणायची ती.

त्यांनी कठड्याच्या दगडावरून हात फिरवला.

लोक खिडकीत टेकतात तेव्हा कोपरं टेकतात, आणि दगड आतल्या कडेला गुळगुळीत होतो. इथं दगडाला मधोमध खळगा पडला होता. असा खळगा फक्त पायांनी पडतो, आणि तोही वर्षानुवर्षांच्या वापरानं.

त्यांनी बाहेर वाकून पाहिलं. बंगला उंच जोत्यावर होता, बाहेरची जमीन चांगलीच खाली. भिंतीलगत सगळीकडे हिरवं गवत, फक्त खिडकीखाली दोन टकलं ठिगळं. तिथं रोज काहीतरी उभं राहत होतं.

दुसरं दार सापडलं होतं. पण पायरीशिवाय त्या दारातून बाहेरून आत चढणं गुडघे धड असलेल्यालाही जमलं नसतं. आणि पायरी तिथं नव्हती.

५

पायरी काचघरात मिळाली. कुंड्यांच्या मागे, पोत्याखाली. हलकी लाकडी पायरी, दोन पायटण्यांची. आणि तिच्यापुढे म्हातारा माळी हात पसरून उभा राहिला.

"बाई, माझी नोकरी जाईल हो."

"नोकरी वाचवायची असेल तर खोटं बोला. मग मी तुम्हाला खुनात गोवते." असं बोलायची काही गरज नव्हती, हे बाईंना माहीत होतं. पण त्या दिवसांत त्यांची कुणावरही दया करायची तयारी नव्हती.

माळ्याची पाचावर धारण बसली. तो मटकन खाली बसला आणि त्यानं सगळं ओकून टाकलं. करखात्याचं माणूस यायचं असलं की सकाळीच खिडकीखालची पायरी काचघरात न्यायची, हा या बंगल्याचा शिरस्ता होता. मालकांच्या लग्नाआधीपासूनचा.

"मग त्या दिवशी नेली होतीत?"

"नेली. म्हणजे... नेली होती असं वाटतंय." तो रडवेला झाला. "आरडाओरडा झाला, तुमचे भाऊ पडले म्हणून. तेवढ्यात मला हुकूम झाला. फौजदार येताहेत, मागे जा आणि खिडकीखालची पायरी उचल. मी म्हटलं, पायरी तर कधीच नेलीय. तरी गेलो. बघतो तर तिथंच उभी! म्हातारपण, बाई. सकाळी विसरलो असणार. हे मालकांना कळलं तर घरी बसवतील, म्हणून कुणाजवळ बोललो नाही."

बाई त्याच्याशेजारी जमिनीवरच बसल्या. आता त्यांचा आवाज बदलला होता. "आजोबा, नीट आठवा. सकाळी इथं आल्यावर काय केलंत?"

"कुंड्या सरकवून जागा केली. त्या मोगऱ्याच्या कुंडीचा कान तेव्हाच तुटला, हा बघा. वर पोतं टाकलं."

"आणि दुपारी पायरी घेऊन परत आलात, तेव्हा पोतं कुठं होतं?"

"इथंच, बाजूला." त्यानं हातानं दाखवलं. "घडी घालून ठेवलेलं."

"तुम्ही घडी घातली होती?"

"पोत्याची कोण घडी घालतं, बाई?" माळी म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच काहीतरी उमगलं. तो पायरीकडे बघतच राहिला.

"तुम्ही विसरला नव्हतात, आजोबा. तुमची काही चूक नाही." बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता एवढंच सांगा. खिडकीखालची पायरी उचल, हा हुकूम कुणी दिला?"

त्यानं सांगितलं. बाईंना आश्चर्य वाटलं नाही. त्यांना आनंद झाला, इतका हिंस्र आनंद की त्यांनी घट्ट डोळे मिटून घेतले.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी बंगल्याच्या दिवाणखान्यात मालक, वकील, वहिनीसाहेब, नगराध्यक्ष आणि फौजदार बसले होते. दाराशी माळी अंग चोरून उभा होता.

"माझा भाऊ पडल्यानंतर त्याच्या हातात ग्लास दिला गेला," बाईंनी सुरुवात केली. "म्हणजे आत कुणीतरी होतं. पुढच्या दारानं कुणी गेलं नाही. म्हणजे ते कोठीच्या खिडकीतून गेलं. त्या खिडकीला पायरी लागते. पायरी सकाळपासून काचघरात होती. ती कुणीतरी काढली, वापरली, आणि परत ठेवायला वेळ मिळाला नाही, कारण पुढून हाक आली."

"बाई, ही सगळी कल्पना आहे," वकील म्हणाले.

"ऐका तर खरं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की पायरी सकाळीच लपवलीय. फौजदार येणार म्हटल्यावर घाबरलेल्या माणसानं माळ्याला काय विचारलं असतं? 'पायरी लपवलीस ना?' बस. पण या घरातल्या एका माणसानं हुकूम दिला, 'खिडकीखालची पायरी उचल.' ती खिडकीखाली आहे हे माळ्यालाही माहीत नव्हतं. ते एकाच माणसाला माहीत असू शकतं. ज्यानं ती तिथं ठेवली, त्याला."

फौजदार पुढे सरकले. "कुणी दिला हुकूम?"

"वहिनीसाहेबांनी. ज्या काचघरात त्या गुलाब खुडत होत्या, तिथंच पायरी होती. आणि त्यांनी पायरी काढताना पोत्याची घडी घातली. एवढ्या घाईतही राहवलं नाही."

वहिनीसाहेब जराही बावरली नाही. उलट तिच्या चेहऱ्यावर कीव दिसली.

"दुःखानं माणूस काय काय बोलतं," ती म्हणाली. "माळी म्हातारा झालाय, त्याला धड आठवत नाही. आणि मुळात कोठीला खिडकी आहे, दार नाही. या घराला एकच दार. खातं लिहून देतं, आम्ही पट्टी भरतो. बाबा, सांगा ना यांना."

सगळे मालकांकडे वळले. आता सगळं त्या एका म्हाताऱ्याच्या जिभेवर आलं होतं. त्यानं 'खिडकी' म्हटलं असतं तर एका माळ्याचा शब्द उरला असता, आणि गिरणीमालकाच्या सुनेपुढे माळ्याचा शब्द कोण धरतो? धाकटा कायमचा दारुडा राहिला असता.

"मालक, एक शब्द बोलू नका," वकील घाईनं म्हणाले. "दार कबूल केलंत तर आजवरची सगळी पट्टी, वर दंड, शिवाय खोटी माहिती दिल्याचा खटला."

"तुम्ही गप्प बसा हो," मालक म्हणाले. त्यांनी सुनेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "त्या पोराची योजना मी मान्य करणार होतो. सभेत तसं सांगणार होतो. हे मी आदल्या दिवशी फक्त तुला बोललो होतो."

"बाबा."

"दार आहे," म्हातारा म्हणाला. "माझ्या बापानं केलेलं. माझा मुलगा त्या दारानं उशिरा घरी यायचा, आणि तू त्याला आत घ्यायचीस. त्याला खिडकी म्हणतेस?"

तेव्हा वहिनीसाहेबांचा तोल सुटला. बाईंना वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही, चिडली.

"मी त्यांना नुसतं विनवायला गेले होते! म्हटलं, बाकी सगळं करा, माझी संस्था तेवढी सोडा. तर मला म्हणाले, लोकांना पाणी हक्कानं मिळू द्या, उपकारानं नको. उपकार! मी आयुष्य घातलं त्या वस्तीवर. आणि हा माणूस हसत हसत सांगतो की माझी गरजच उरणार नाही!" तिनं हात झटकला, जसा त्या दिवशी जिन्याच्या माथ्यावर झटकला असेल. मग खालच्या आवाजात म्हणाली, "जोरात नव्हतं ढकललं."

"आणि दारू?" बाईंनी विचारलं. "तीही जोरात नव्हती ओतली?"

फौजदार उठले.

७

खटल्याच्या निकालाच्या दिवशी वरची वस्ती कोर्टाबाहेर लोटली. वहिनीसाहेबांसाठी. बाया धाय मोकलून रडत होत्या. एका म्हातारीनं निरीक्षकबाईंच्या पायाशी थुंकून म्हटलं, "आमची अन्नपाण्याची माउली खाल्लीस, टवळे." जन्मठेप ऐकून बाई घरी आल्या, पण जेवण गोड लागलं नाही. वहिनीसाहेब तुरुंगात गेली होती, पण तिचं देवपण शाबूत होतं. हा कसला सूड?

मग बाई कामाला लागल्या. ठराव मंजूर झालाच होता. सभेत हसायची कुणाची छाती झाली नाही, कारण पहिलं मत मालकांनीच टाकलं. नव्या पट्टीची पहिली मोजणी बाईंनी बंगल्यापासून केली. मग गोदामं, मग वकिलांचं घर. हातात टेप घेऊन त्या अशा फिरल्या की मोठमोठ्या लोकांना घाम फुटला. कुणी म्हणालं, 'केवढा न्यायी स्वभाव!' बाई म्हणाल्या, "न्याय माझा भाऊ करायचा. मी वसूल करते." जमलेला पैसा दुसरीकडे वळू नये म्हणून त्या नगराध्यक्षांच्या दाराशी धरणं धरून बसत. पहिल्या वर्षी नळ टाकले. दुसऱ्या वर्षी दवाखाना उभा राहिला.

आणि मग एका दुपारी त्या तुरुंगात भेटीला गेल्या.

वहिनीसाहेब वाळली होती, पण अंगावरचे जाडेभरडे कपडे कडक घडीचे होते. तिनं इकडतिकडचं काही विचारलं नाही.

"वस्तीतले लोक कसे आहेत?" तिनं विचारलं. "पहिल्या वर्षी भेटायला यायचे. आता बऱ्याच दिवसांत कुणी आलं नाही. दूर पडत असेल."

"दूर नाही पडत. बस येते."

"मग?"

बाई याच प्रश्नासाठी आल्या होत्या. कितीतरी दिवस त्या या प्रश्नाची वाट बघत होत्या, आणि आता उत्तर देताना त्यांनी मुळीच घाई केली नाही. "घरोघरी नळ आलाय. पोरं आजारी पडत नाहीत. बाया कामाला जातात. तुमचं नाव कुणी काढत नाही. मी मुद्दाम विचारून पाहिलं. ती म्हातारी, जी माझ्यावर थुंकली होती, तिला तुमचा चेहरा आठवेना."

वहिनीसाहेबांच्या ओठांचा रंग उडाला. जाळी तिनं घट्ट धरली. मग तिनं मान वर केली. डोळ्यांत एक शेवटची आशा होती, दुखावलेल्या माणसाची दुसऱ्याला दुखवायची आशा.

"आणि तुमच्या भावाचं? त्याचं नाव तरी काढतात?"

"नाही," बाई म्हणाल्या. "त्याचंही नाही. नळ सोडतात, भांडं भरतात, घरात जातात."

"मग काय मिळवलंत तुम्ही?"

"त्याला हेच हवं होतं," बाई उठत म्हणाल्या. "तुम्हाला नको होतं."